‘९६ टक्के’ हा आकडा आला कुठून? कोल्पोस्कोपीच्या अचूकतेची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी साहित्य-आढाव्यात मी एक वाक्य अगदी ठामपणे लिहिलं होतं: ‘कोल्पोस्कोपीची संवेदनशीलता ९६ टक्के आहे.’ आकडा छापील होता, संदर्भही बरोबर होता. मसुदा परत आला तेव्हा समासात गाईडनी एकच प्रश्न लिहिला होता, ‘बायोप्सी कुणाकुणाची केली?’ मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना जो इतिहास हाती लागला, तो आज तुमच्यासमोर ठेवते. तुमचा विषय कुठलाही असो, हा प्रश्न तुम्हाला कधीतरी भेटणारच.

सुरुवात जर्मनीतली. गर्भाशयमुखाचा कर्करोग अगदी सुरुवातीला बारीक ठिपक्याएवढा असणार, मग तो भिंगातून दिसायलाच हवा, असं हान्स हिन्सेलमान यांचं म्हणणं होतं. त्यातून १९२५ च्या सुमारास कोल्पोस्कोप आला: दोन डोळ्यांनी बघायचं भिंग आणि प्रखर दिवा. अपेक्षित ठिपके फारसे सापडले नाहीत. पण गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावलं की काही भाग पांढरा पडतो, हे लक्षात आलं. व्हिएन्नाच्या वॉल्टर शिलर यांनी आयोडीनची चाचणी दिली: निरोगी पेशीस्तर तपकिरी होतो, बिघडलेला भाग रंग घेत नाही. आजही तपासणी याच दोन द्रावणांवर चालते.

या इतिहासात एक काळं पान आहे, ते उलटून पुढे जाता येत नाही. ऑशविट्झ छळछावणीत मुख्य डॉक्टर एडुआर्ड विर्थ्स याच्या देखरेखीखाली ब्लॉक १० मधल्या कैदी स्त्रियांवर कोल्पोस्कोपीचे प्रयोग झाले आणि नमुने हॅम्बुर्ग-आल्टोनाला हिन्सेलमान यांच्या प्रयोगशाळेत जात. रोमा स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीबद्दल हिन्सेलमान यांना युद्धानंतर शिक्षाही झाली. ‘नमुने कुठून आले?’ हा प्रश्न फक्त संख्याशास्त्राचा नसतो, हे इथे कळतं.

दुसरीकडे अमेरिकेत पापानिकोलाऊ यांची पॅप चाचणी पुढे आली आणि तिथे कोल्पोस्कोपी बरीच वर्षं मागे पडली. १९६० आणि ७० च्या दशकांत दोघींची जोडी जमली. पॅपमध्ये संशय आला की कोल्पोस्कोपी, तिथे डाग दिसला की बायोप्सी, आणि बायोप्सीवरून उपचार. साखळी अशी घट्ट बसली की मधल्या कडीवर शंका घ्यायची गरजच कुणाला वाटेना.

आता माझ्या ९६ टक्क्यांकडे येऊ. १९९८ साली मिचेल आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून मेटा-ॲनालिसिस केलं. ‘निरोगी’ विरुद्ध ‘काहीतरी बिघाड’ अशी रेघ आखली तर संवेदनशीलता ९६ टक्के, पण विशिष्टता फक्त ४८. रेघ वर सरकवून गंभीर बिघाड वेगळा काढायला सांगितलं, तर ८५ आणि ६९. म्हणजे यंत्र तेच, डोळा तोच, पण आकडा रेघेप्रमाणे बदलतो. मी नेमका त्यातला एकच उचलला होता!

पण गाईडचा प्रश्न याहून खोल होता. एक काल्पनिक हिशेब करू. १०० स्त्रियांना खरोखर गंभीर बिघाड आहे. डॉक्टरांना कोल्पोस्कोपमधून ६० जणींचा डाग दिसला, त्यांची बायोप्सी झाली, ती पॉझिटिव्ह आली. उरलेल्या ४० जणींना ‘सगळं ठीक’ म्हणून बायोप्सी न करताच घरी पाठवलं. वहीत आजारी किती? ६०. सापडल्या किती? ६०. संवेदनशीलता १०० टक्के! खरी मात्र ६०. निकाल तपासणारी बायोप्सी कुठून घ्यायची हे कोल्पोस्कोपच ठरवत असेल, तर विद्यार्थ्यानेच आपला पेपर तपासल्यासारखं झालं. याला व्हेरिफिकेशन बायस म्हणतात. आणि वहीबाहेर राहिलेल्या त्या ४० जणी निर्धास्त होऊन घरी गेलेल्या असतात, हे विसरू नका.

मग खरं कसं शोधायचं? चीनच्या शान्शी प्रांतातल्या अभ्यासात एक सरळ उपाय केला. गर्भाशयमुखाचे चार भाग मानायचे आणि ज्या भागात काहीच दिसत नाही तिथूनही एक बायोप्सी घ्यायची. २००४ साली निकाल छापून आला. मध्यम किंवा त्याहून गंभीर बिघाड असलेल्या ३६४ स्त्रियांपैकी ५७.१ टक्के जणींचं निदान डाग बघून घेतलेल्या बायोप्सीने झालं, ३७.४ टक्के जणींचं ‘काही दिसत नाही’ अशा जागच्या बायोप्सीने आणि उरलेल्यांचं आतला भाग खरवडून.

अमेरिकेच्या ‘ॲल्ट्स’ चाचणीने दुसरी वाट धरली: दोन वर्षं पाठपुरावा. त्या काळात अतिगंभीर बिघाड किंवा कर्करोग सापडलेल्या ४०८ स्त्रियांपैकी पहिल्या कोल्पोस्कोपीत सुमारे ७० टक्केच पकडल्या गेल्या होत्या. गंमत म्हणजे तपासणाऱ्याचं प्रशिक्षण कुठल्या प्रकारचं, याने फारसा फरक पडला नाही. एकाऐवजी दोन किंवा जास्त बायोप्सी घेतल्या की मात्र पडला. २०१५ च्या अभ्यासात वेन्ट्झेन्सन आणि सहकाऱ्यांना हेच स्पष्ट दिसलं: एका बायोप्सीने ६०.६ टक्के, दोनने ८५.६, तीनने ९५.६. आज अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं दोन ते चार बायोप्सी घ्यायला सांगतात.

म्हणजे कोल्पोस्कोपी टाकाऊ ठरली का? अजिबात नाही. यंत्र न बदलता फक्त वापरायची पद्धत सुधारली. तिच्याच ॲसिटिक आम्लाची नुसत्या डोळ्यांनी करायची तपासणी टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून करून घेतली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तिथे मोजमाप ‘किती डाग दिसले’ हे नव्हतं, ‘किती जणी वाचल्या’ हे होतं.

तेव्हा पुढचा पेपर वाचताना तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रेघ कुठे आखली? निकाल पडताळणारी कसोटी चाचणीपासून स्वतंत्र आहे का? आणि चाचणी निगेटिव्ह आलेल्यांचं पुढे काय झालं? तिसऱ्याचं उत्तर बहुधा गोषवाऱ्यात मिळत नाही, ‘पद्धती’ विभाग सावकाश वाचावा लागतो. माझं ते वाक्य आता प्रबंधात तीन ओळींचं झालंय. वाचायला जरा जड आहे, पण समासातल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.