लग्नानंतर परदेशी जाताना होणारी वैद्यकीय तपासणी

लग्न होऊन दोन-तीन महिने झालेले असतात. नवरा न्यू जर्सीला किंवा टोरांटोला परत गेलेला असतो आणि मुलगी आईला घेऊन दवाखान्यात येते. "डॉक्टर, व्हिसाचं मेडिकल आहे. सगळ्या तपासण्या आधीच करून द्या, तिथं काही निघायला नको." सातारा-सांगली भागात हे वाक्य आता नवीन राहिलेले नाही. म्हणून या तपासणीत नेमके काय होते आणि घरून काय तयारी करून जावे, ते इथे सांगतो.

पहिली गोष्ट, ही तपासणी तुमचा नेहमीचा डॉक्टर करू शकत नाही. मी कितीही चांगले प्रमाणपत्र लिहून दिले तरी ते चालणार नाही. प्रत्येक देशाने आपले डॉक्टर किंवा केंद्रे नेमलेली आहेत आणि त्यांची यादी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर असते. आपल्याकडच्या बहुतेकांना त्यासाठी पुण्या-मुंबईचीच वाट धरावी लागते. 'आमच्या ओळखीने मेडिकल पास करून देतो' म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

दुसरी गोष्ट, ही परीक्षा सुदृढ शरीराची नाही. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, दमा, चष्म्याचा मोठा नंबर यांमुळे नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जाणे सहसा अडत नाही. नैराश्यासाठी गोळ्या चालू आहेत एवढ्यानेही नाही. त्या गोळ्या बंद करून तपासणीला जाऊ नका, उलट डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या. कॅनडात तर पती-पत्नीच्या अर्जाला 'उपचारांचा खर्च सरकारला फार येईल' हे कारण लावलेच जात नाही. अमली पदार्थांचे व्यसन मात्र, अगदी गांजाचेसुद्धा, अमेरिकेचा अर्ज वर्षभर अडवू शकते. तंबाखू-मिश्रीने व्हिसा जात नाही, दात जातात.

देशांनुसार तपासण्या बदलतात. ब्रिटनला जोडीदाराच्या व्हिसासाठी भारतातून फक्त क्षयरोगाची तपासणी लागते. अमेरिकेसाठी शारीरिक तपासणी, 15 वर्षांपासून पुढे छातीचा एक्स-रे, 18 ते 44 वयात सिफिलिसची रक्ततपासणी, 18 ते 24 वयात गनोरियाची तपासणी आणि लसीकरण पाहिले जाते. एचआयव्हीची तपासणी अमेरिकेने जानेवारी 2010 पासून यादीतून काढली. कॅनडा व ऑस्ट्रेलिया ती 15 वर्षांवरील अर्जदारांची करतात. या दोन्ही देशांसाठी लघवीही तपासतात, म्हणून महिलांनी मासिक पाळीच्या दिवसांतली वेळ घेऊ नये. लघवीत रक्त दिसले की तपासणी पुन्हा करावी लागते आणि मुंबईची आणखी एक फेरी होते.

खरा अडथळा: छातीवरचा जुना डाग

हे सगळे देश सगळ्यात बारकाईने शोधतात तो क्षयरोग. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, त्यामुळे भारतातून गेलेला एक्स-रे काळजीपूर्वकच पाहिला जातो. आपल्या भागाला हा आजार नवा नाही. सांगली-मिरज रस्त्यावरची वान्लेसवाडी ही क्षयरुग्णांच्या सॅनेटोरियमची म्हणूनच जुन्या लोकांना माहीत आहे.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीला बारावीत असताना डाव्या फुप्फुसाचा क्षय झाला होता. सहा महिने औषधे घेतली, पूर्ण बरी झाली. लग्न जमवताना घरच्यांनी ते सांगितले नाही. आता आई म्हणत होती, "फॉर्मवर लिहायचं नाही हं. सासरी कळलं तर?"

त्या आईची भीती मला कळते. क्षय म्हटले की अजूनही सोयरीक मोडते, हे मी पाहिलेले आहे. पण फुप्फुसावरचा व्रण बहुधा एक्स-रेत दिसतोच. न सांगितलेला व्रण दिसला की डॉक्टरपुढे दोन प्रश्न उभे राहतात, आजाराचा आणि तुमच्या खरेपणाचा. पहिल्यावर औषध आहे. खोटी माहिती दिल्याचा ठपका मात्र व्हिसा नाकारायला स्वतंत्र कारण ठरू शकतो आणि तो पुढच्या अर्जांनाही चिकटतो. सासरच्यांना काय आणि कधी सांगायचे हा त्या मुलीचा निर्णय. नवऱ्याला तरी सांगून टाक, असे मी तिला सुचवले, कारण उशीर झाला की त्याचे उत्तर त्याच्याकडेच मागितले जाईल. तपासणीच्या खोलीत मात्र एकटीने जा आणि सगळे खरे सांग, हे मी ठामपणे सांगितले. आत येण्याचा आग्रह सासू-सासरे, आई-वडील कोणीच धरू नये.

एक्स-रेत क्षयाची शंका आली तर तीन वेगवेगळ्या दिवशी थुंकी घेतात. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कल्चरलाही लावतात. क्षयाचे जंतू फार सावकाश वाढतात, म्हणून कल्चरचा अंतिम अहवाल यायला सहा ते आठ आठवडे लागतात. पैसे भरून किंवा वशिला लावून हे आठवडे कमी होत नाहीत. कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत तर अर्ज पुढे सरकतो. वाढले तर नेमलेल्या केंद्राच्या देखरेखीखाली, समोर गोळ्या घेऊन, उपचार पूर्ण करावे लागतात. साध्या क्षयाला बहुधा सहा महिने. म्हणजे जाणे लांबते, कायमचे बंद होत नाही. त्या मुलीची थुंकी स्वच्छ निघाली. अडीच महिने उशिरा का होईना, ती गेली.

एक चूक मात्र मी पुन्हा पुन्हा पाहतो. मेडिकलच्या आधी घाबरून गावात एक्स-रे काढतात, डाग दिसतो आणि थुंकी न तपासताच कोणीतरी क्षयाच्या गोळ्या सुरू करते. मग कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत, आजार होता की नव्हता आणि कोणत्या औषधाला दाद देणारा होता हे कळायचा मार्ग बंद होतो, आणि पेच वाढतो. खोकला, ताप, वजन घटणे असा त्रास असेल तर जरूर लगेच दाखवा, पण आधी थुंकी, मग गोळ्या.

पूर्वी क्षय झाला असेल तर उपचाराचे कार्ड, निक्षय क्रमांक, थुंकीचे अहवाल आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्म शोधून ठेवा. त्यामुळे थुंकीच्या तपासणीतून सूट मिळेलच असे नाही, पण डाग जुना आहे आणि बदललेला नाही हे दाखवता येते. विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाई व्यवसायातल्या घरांत मुले दूरच्या राज्यांत वाढलेली असतात आणि कागदही तिकडेच राहिलेले असतात. ते मागवायला वेळ लागतो. शिवाय जुन्या कागदांवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. विवाह नोंदणीचा दाखला सोबत न्याच.

लसींचे कागद

अमेरिकेसाठी हे महत्त्वाचे. नव्वदच्या दशकात जन्मलेल्या आपल्या मुलामुलींना सरकारी दवाखान्यात गोवराचा एकच डोस मिळायचा. गालगुंड त्यात नसे, कांजिण्यांची लस तर नाहीच. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असते, पण त्यात घटसर्पाचा भाग नसतो, म्हणून टीडी किंवा टीडॅप लागते. वयानुसार एमएमआर, कावीळ ब वगैरेही येतात. सगळे डोस पूर्ण झालेलेच असावेत असे नाही. देय असलेला एक डोस घेतला तरी तपासणी पूर्ण होते. कांजिण्या येऊन गेल्या असतील तर तसे सांगा.

एमएमआर व कांजिण्यांची लस गर्भवतीला देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची असते. नवरा सुटीवर येऊन गेला असेल तर लसीआधी आणि एक्स-रेआधी गर्भचाचणी करून घ्या, लाजू नका. दिवस गेले असतील तर त्या लसी पुढे ढकलल्या जातात. एक्स-रे पोटावर शिशाचे आवरण ठेवून काढता येतो किंवा बाळंतपणापर्यंत थांबता येते. ब्रिटनच्या तपासणीत थुंकीचाही पर्याय आहे.

अमेरिकेच्या तपासणीची मुदत साधारण सहा महिने असते, क्षयाच्या खुणा असलेल्यांची काही वेळा तीनच. ब्रिटनचे प्रमाणपत्र सहा महिने आणि कॅनडाची तपासणी वर्षभर चालते. म्हणून मुलाखतीच्या फार आधी जाऊ नका, आणि छातीचा जुना आजार असेल तर अगदी शेवटच्या आठवड्यावरही ठेवू नका. विमानाचे तिकीट व्हिसा हातात पडल्यावरच काढा.