परवाना एकाचा, पिस्तूल दुसऱ्याच्या हाती

दोन वर्षं आधी.

२०२२. बोरिवलीच्या आयसी कॉलनीत ‘मॉरिसभाई’ म्हणून वावरणारा मॉरिस नोरोन्हा बलात्काराच्या गुन्ह्यात पकडला जातो, काही महिने तुरुंगात काढतो. या प्रकरणामागे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर आहेत, ही अढी त्याच्या मनात बसते.

समजा, सुटल्यावर त्याने स्वतःच्या नावावर पिस्तुलाचा परवाना मागितला असता. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे अर्ज पोलीस ठाण्याच्या अहवालासाठी गेला असता, आणि गुन्ह्याची नोंद तिथेच समोर आली असती. सार्वजनिक शांतता आणि सुरक्षिततेचं कारण देऊन कलम १४ खाली परवाना नाकारता येतो. फाइल तिथे अडकली असती असं मानायला जागा आहे. पण अर्ज करायची गरजच पडली नाही.

काही महिने आधी.

नोरोन्हा अंगरक्षक ठेवतो. त्याच्याकडे पिस्तूल आहे, परवानाही आहे, फक्त तो उत्तर प्रदेशातला.

आमच्या चाकण-भोसरी पट्ट्यात याचं कुणाला नवल वाटणार नाही. बँकेच्या दारात, रोकड नेणाऱ्या गाडीपाशी खांद्याला दुनळी अडकवलेला, गावाकडून परवाना घेऊन आलेला माणूस उभा दिसतो. सुपरवायझर परवान्याची झेरॉक्स फाइलला लावतो आणि काम झालं. मुक्काम हलवला तर नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्याला कळवायचं असतं, हे फाइलला ठाऊक असतं की नाही कोण जाणे. १५ ऑगस्ट २०१८ला पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं, शहराच्या हद्दीतल्या परवान्यांचे अर्ज तिथे येऊ लागले. पण हजार किलोमीटरपलीकडे दिलेला परवाना आपल्या हद्दीत फिरतोय, हे कुणी सांगितल्याशिवाय आयुक्तालयाला कळायचं कसं?

सहा दिवस आधी. २ फेब्रुवारी २०२४, रात्री साडेदहाच्या सुमारास.

उल्हासनगरचं हिललाइन पोलीस ठाणं. द्वारली गावच्या जमिनीच्या वादातून आमदार गणपत गायकवाड वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच शिवसेनेचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडतात. महेश गायकवाड वाचतात. इथे पिस्तूल आणि परवाना एकाच माणसाचे आहेत. राज्यभर परवान्यांची चर्चा सुरू होते. बोरिवलीतलं पिस्तूल त्या चर्चेत कुठेच नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळ.

नोरोन्हाच्या कार्यालयात घोसाळकर येतात. वैर मिटल्याचं जगाला दाखवायचं ठरलं आहे. पिस्तूल याच कार्यालयातल्या लॉकरमध्ये असल्याचं नंतर तपासात सांगितलं जातं.

साडेसातच्या आसपास.

फेसबुक लाइव्ह सुरू. दोघं एका सोफ्यावर शेजारी. एकत्र काम करायचं, लोकांचं भलं करायचं, असं बोलणं चालतं. हसणंही आहे. मी ते चित्रण एकदाच पाहिलं. दुसऱ्यांदा पाहायची हिंमत झाली नाही.

पाचेक मिनिटांनी.

बोलून झाल्यावर नोरोन्हा उठतो आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जातो. घोसाळकर एकटेच बोलत राहतात. बोलणं संपवून उठू लागतात, तेवढ्यात गोळ्या. लाइव्ह अजून सुरूच आहे. पाहणाऱ्यांना आधी काही उमगत नाही.

त्यानंतरची काही मिनिटं.

घोसाळकरांना करुणा रुग्णालयात नेतात. ते वाचत नाहीत. नोरोन्हा त्याच पिस्तुलाने स्वतःला संपवतो.

९ फेब्रुवारी.

अंगरक्षकाला अटक. शस्त्र अधिनियमाची कलमं २९(ब) आणि ३०: शस्त्र भलत्याच्या हाती जाऊ देणं आणि परवान्याच्या अटी मोडणं. परवानाधारक अयोग्य असेल, सार्वजनिक सुरक्षिततेला बाधा येत असेल किंवा अटी मोडल्या असतील, तर कलम १७ प्रमाणे परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि त्याविरुद्ध अपिलाची सोय आहे. एवढे अधिकार आदल्या संध्याकाळीही होते. फरक इतकाच, की नोटीस कुणाला आणि कुठे पाठवायची, हे पोलिसांना आता कळलं होतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा तपास सीबीआयकडे सोपवला.