वृद्ध स्त्रियांची उन्हाळी : एका अबोल दुखण्याचा इतिहास

घरांतील आजीबाई पाणी कमी पिऊं लागतात, देवळांत कीर्तनाला जाण्याचें टाळतात, रात्रीं चारचार वेळां उठतात. विचारलें तर "उन्हाळी लागली आहे, होईल बरी," एवढेंच सांगतात. धण्याजिऱ्याचें पाणी, सब्जा, गोखरूचा काढा असे उपचार होतात. चार दिवस बरें वाटतें, आणि महिन्याभरानें पुन्हां तोच दाह! लाजेपोटीं हें दुखणें सुनेच्याहि कानीं जात नाहीं. वस्तुतः याचा इतिहास लाज बाळगण्याचा नसून मानवी बुद्धीच्या चिकाटीचा आहे.

चरक व सुश्रुत या दोघांच्याहि संहितांत मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार वर्णिले आहेत. लक्षणांचें त्यांचें निरीक्षण सूक्ष्म होतें. परंतु दुखणें पुनःपुन्हां कां उलटतें, याचें उत्तर सूक्ष्मदर्शक यंत्र व जंतुशास्त्र यांच्यावांचून मिळणें शक्य नव्हतें. इ. स. १८८५ मध्यें थिओडोर एशरिख या वैद्यानें अर्भकांच्या आंतड्यांतील एका जंतूचें वर्णन केलें. आज त्याच्याच नांवानें ओळखला जाणारा हा जंतु आंतड्यांत असतो तोंवर बहुधा निरुपद्रवी असतो. मूत्रमार्गांत शिरला म्हणजे मात्र दाह उत्पन्न करितो. स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटरांच्या आसपास असल्यामुळें मूत्राशयापर्यंतची त्याची वाट फारच थोडी !

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेथेनामीन हें औषध वापरांत आलें. आम्लयुक्त मूत्रांत त्यापासून फॉर्माल्डिहाइड निर्माण होतें व जंतु मरतात. पुढें १९३५ मध्यें डोमाक यांनीं प्रॉन्टोसिलचा गुण जगापुढें मांडला. मागोमाग प्रतिजैविकें आलीं, आणि मेथेनामीन मागें पडलें. पण १९४५ च्या नोबेल व्याख्यानांतच फ्लेमिंग यांनीं इशारा दिला होता कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतु औषधाला दाद देईनासे होतात. तो इशारा खरा ठरला.

१९५६ मध्यें कॅस यांनीं मूत्राच्या एका मिलिलिटरांत एक लक्ष जंतु हें रोगनिदानाचें माप मांडलें. माप उपयुक्त होतें. परंतु त्याचा अतिरेकहि झाला. अनेक वृद्ध स्त्रियांच्या मूत्रांत कसलाहि त्रास नसतांना जंतु आढळतात. अशा वेळीं केवळ तपासणीचा कागद पाहून औषध दिल्यानें सामान्यतः लाभ होत नाहीं. जंतु मात्र अधिक चिवट होतात.

खरी उकल १९९३ मध्यें झाली. ऋतुनिवृत्तीनंतर शरीरांतील इस्ट्रोजेन घटतें. त्याबरोबर, दुधाचें दहीं करणाऱ्या जंतूंच्या कुळांतील जे रक्षक जंतु योनिमार्गांत नांदत असतात, तेहि नाहींसे होतात. पहारेकरी गेले, म्हणजे चोरास वाट मोकळी ! रझ व स्टॅम यांनीं ९३ स्त्रियांवर प्रयोग केला. योनिमार्गांत इस्ट्रिऑलचें मलम लावणाऱ्यांत वर्षाकाठीं सरासरी ०·५ वेळां, तर निर्गुण मलम लावणाऱ्यांत ५·९ वेळां दुखणें उलटलें.

क्रॅनबेरी नामक विलायती आंबट फळाची कथा मात्र दुहेरी आहे. १९९४ मध्यें बॉस्टन येथें १५३ वृद्ध स्त्रियांवरील प्रयोगांत त्याच्या रसाचा गुण दिसला. २०१६ मध्यें शुश्रूषागृहांतील वृद्धांना त्याच्या गोळ्यांनीं लाभ झाला नाहीं. पाण्याची महती २०१८ मध्यें सिद्ध झाली. रोज दीड लिटर जास्त पाणी पिणाऱ्या स्त्रियांत हा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला. त्या स्त्रिया ऋतुनिवृत्तीपूर्वीच्या होत्या हें खरें. तथापि पाणी तोडणें हितकर नाहीं, हा बोध सर्वांनाच लागू आहे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र पाण्याचें प्रमाण डॉक्टरांनींच ठरवावें.

आणि इतिहासाची गंमत अशी कीं, अडगळींत पडलेलें मेथेनामीन २०२२ मध्यें पुन्हां पुढें आलें. ब्रिटनमधील २४० स्त्रियांवरील प्रयोगांत, दीर्घकाळ दिलेल्या प्रतिजैविकांच्या तुलनेंत तें उणें ठरलें नाहीं.

अर्थात् मलम असो वा गोळी, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावयाची. पूर्वीं स्तनाचा कर्करोग झाला असल्यास तें आवर्जून सांगावयाचें. थंडी वाजून ताप, कुशींत वेदना किंवा मूत्रांत रक्त दिसल्यास एक दिवसहि दवडूं नये. शतकभराच्या खटपटीनें उपाय हातीं आले आहेत. पण आजी बोललीच नाहीं, तर त्यांपैकीं एकहि तिच्यापर्यंत पोंचावयाचा नाहीं. तिनें बोलावें, आणि घरानें तें न हंसतां ऐकावें, हाच पहिला प्रतिबंध होय.