कचेरीचा व्हरांडा

यवतमाळच्या नावातच एक कचेरी दडली आहे. मूळ गाव यवत. पुढचा ‘माळ’ म्हणजे ‘महाल’ या शब्दाचं झिजलेलं रूप, असं जुनं गॅझेटियर सांगतं. हा महाल राजाराणीचा नव्हे, परगण्याचा, सारावसुलीचा. ‘आईन-ए-अकबरी’त या परगण्याची नोंद ‘योत-लोहारा’ अशी आहे. ते लोहारा यवतमाळच्या शेजारीच आहे.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाडाचा वेगळा जिल्हा झाला. पुढे त्याला वणीचं नाव मिळालं, पण मुख्य ठाणं मात्र यवतमाळ! १९०५ मध्ये पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्ह्यालाही यवतमाळचं नाव लाभलं.

त्या काळच्या धाटणीच्या कचेऱ्या तुम्हीही पाहिल्या असतील. जाड भिंती, उंच छत, छताजवळ झरोके, सागाच्या तुळया, वर कवेलू आणि पुढे लांब व्हरांडा. आपल्या उन्हाला हे बांधकाम मानवायचं. आतली मांडणी मात्र मानाप्रमाणे. न्यायाधीश चौथऱ्यावर, त्याखाली शिरस्तेदार, समोर वकील, बाजूला आरोपीचा कठडा.

या मांडणीत माणसांच्या जागा कायमच्या नसतात, हे याच जिल्ह्यानं दाखवलं. लोकनायक बापूजी अणे मूळचे वणीचे, यवतमाळात वकिली करणारे. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात त्यांनी परवान्याशिवाय गवत कापलं. दुसऱ्यांची बाजू मांडणारा वकील स्वतः आरोपी झाला. सहा महिन्यांची कैद झाली. प्रश्न गवताच्या पेंढीचा नव्हता; जंगल कोणाचं, हा होता.

बाकी सामान्य माणसाच्या वाट्याला येतो तो व्हरांडा. तिथं अर्जनवीस बसतो, तिथंच शिपाई पुकारा करतो. वकील, दावा, जामीन, तारीख, हजर हे सारे शब्द अरबी-फारसीतून आलेले. माझ्या घरातले आणि शेजारच्या पाटलांच्याही तोंडातले. ते परके आहेत, असं मी त्या व्हरांड्यात कधी ऐकलं नाही.

माझ्या अब्बांचा शेजाऱ्याशी धुऱ्याचा दावा होता. दोघं एकाच एसटीनं यायचे आणि व्हरांड्याच्या दोन टोकांना बसायचे. तहान लागली की रांजण मात्र एकच. तारखांमागून तारखा पडल्या. एका तारखेला अब्बांच्या नावाचा पुकारा झाला, तेव्हा त्यांना जाऊन पंधरवडा झाला होता. माझ्या तोंडून शब्द फुटेना. दुसऱ्या टोकाहून तो शेजारीच उठला आणि शिपायाला म्हणाला, “आता कुठून येतीन ते, बाप्पा! पोरगा आला त्याईचा.”

पुढं तडजोड झाली ती त्याच व्हरांड्यात. आत फक्त तिची नोंद झाली.

या जिल्ह्यातलं अपील पुढे नागपूरला जातं. तिथल्या हायकोर्टाची वालुकाश्माची, घुमटाची इमारत हेन्री मेड या वास्तुकारानं उभी केली. १९४० साली तिचं उद्घाटन झालं. ती पाहताना मान आपोआप वर जाते. पण तालुक्याच्या कोर्टात माणूस वर पाहत नाही. तो बसायला सावली शोधतो. नव्या इमारती जरूर बांधाव्यात, त्यांत लिफ्टही असाव्यात. फक्त नकाशा काढणाऱ्यानं पुकाऱ्याची वाट पाहणाऱ्यासाठी एक रुंद व्हरांडा ठेवावा, आणि त्यात पाण्याची सोय.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)