डिफॉल्ट म्हणजे आपोआप नव्हे

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या लेखी डिफॉल्ट म्हणजे तुम्ही काहीही केलं नाहीत तरी जे होतं ते. कायद्यात मात्र वेगळंच! ‘डिफॉल्ट जामीन’ यातला डिफॉल्ट म्हणजे कसूर, आणि ती पोलिसांची. आरोपी कोठडीत असताना ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत, आरोपपत्र दाखल झालं नाही की त्याला जामिनाचा हक्क मिळतो. पण आपोआप नाही. अर्ज करावा लागतो, आणि तोही आरोपपत्र यायच्या आत.

हे मला फार उशिरा कळलं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांचा मुलगा चोरीच्या आरोपावरून आत होता. काकांनी एकदा गेटवर विचारलं, “साहेब, अजून किती दिवस ठेवतील हो?” मी म्हणालो, “बघू काका, कोर्टात काय होतंय ते.” हातात इंजिनिअरिंगची डिग्री, आणि उत्तर हे असं! साठ दिवस उलटले, अर्ज कुणीच केला नाही. ७१व्या दिवशी आरोपपत्र आलं आणि तो हक्क गेला.

मग पुढचे दोन-तीन वीकेंड मी वाचत बसलो. एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे आरोपीला हक्क मिळाले १९५० सालीच. घटनेच्या कलम २२ मध्ये सगळं आहे: अटकेचं कारण सांगा, आवडीचा वकील करू द्या, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. खरं भांडण पुढची पन्नास-साठ वर्षं वेगळ्याच प्रश्नावर चाललं... हे त्या माणसाला सांगायचं कुणी?

जानेवारी १९७९. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी (हे मूळचे आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे) यांनी बिहारचे तुरुंग पाहून ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लेख लिहिले. खटलाच न चाललेले कच्चे कैदी वर्षानुवर्षं आत होते. काही जण तर गुन्हा शाबित झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त दिवस! ते लेख घेऊन ॲड. पुष्पा कपिला हिंगोरानी सुप्रीम कोर्टात गेल्या. हाच तो ‘हुसैनारा खातून’ खटला.

मुदतीनंतर जामिनाची तरतूद तेव्हाच्या कायद्यात होती. कलम १६७. मग ही माणसं आत का? कारण त्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि अर्ज लिहायला वकील नव्हता. न्या. भगवतींच्या खंडपीठाने बजावलं की ६० किंवा ९० दिवस भरलेला कैदी समोर आला, तर कोठडी वाढवण्याआधी मॅजिस्ट्रेटने त्याला सांगायचं: बाबा रे, तुला जामिनाचा हक्क आहे.

पुढच्याच वर्षी भागलपूरची बातमी फुटली. कोठडीतल्या माणसांच्या डोळ्यांत सुया खुपसून ॲसिड ओतलं होतं. त्यांना वकील का दिला नाही, तर म्हणे त्यांनी मागितला नाही! कोर्टाने हे उत्तर मान्य केलं नाही. ज्याला हक्क माहीतच नाही तो मागणार कसा? आरोपीला पहिल्यांदा समोर आणतील तेव्हाच मॅजिस्ट्रेटने त्याला मोफत वकिलाबद्दल सांगितलं पाहिजे, असं ठरलं.

तरी १९८६ मध्ये अरुणाचल प्रदेशातून तसाच खटला आला. आरोपीला वकील नाही, साक्षीदारांची उलटतपासणी धड जमली नाही, आणि दोन वर्षांची शिक्षा. हायकोर्ट म्हणालं, त्याने वकील मागितलाच नव्हता. सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली.

आणि २०१२ मध्ये, कसाबची फाशी कायम करणाऱ्या निकालातच, कोर्टाने देशभरच्या मॅजिस्ट्रेटना पुन्हा बजावलं: आरोपीला वकिलाचा हक्क समजावून सांगा, नाहीतर ती कर्तव्यात कसूर धरली जाईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यावीत, हेही ठरलं.

आता विचार करा. तीच गोष्ट १९७९ पासून इतक्यांदा सांगावी लागते, म्हणजे खाली ती पोचत नाहीये. आमच्याकडे असा बग चार वेळा रीओपन झाला असता, तर मॅनेजरने सगळ्यांना मीटिंगला बसवलं असतं.

म्हणून तूर्तास एवढं तरी लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून जुन्या १६७च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८७ आहे. अटकेच्या दिवशी नाही, तर मॅजिस्ट्रेटने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून मोजा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, किंवा फोन १५१००. कोठडीतल्या कुणालाही तो वकील मोफत मिळतो.

काकांच्या मुलाला महिन्याभराने, याच प्राधिकरणाच्या वकिलामार्फत, साधा जामीन मिळाला. खटला अजून चालू आहे. तो दोषी की निर्दोष ते कोर्ट ठरवेल. पण तो जास्तीचा महिना कुठल्याच कोर्टाने ठरवलेला नव्हता. त्यातला थोडा माझ्या “बघू काका”चाही होता.