मॉरिशसचा राष्ट्रीय दिन

हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. महात्माजींची दांडीयात्रा १९३० साली ज्या तारखेस निघाली, तीच तारीख तिच्या स्मरणार्थ निवडण्यात आली होती.

या दिनाचे मर्म तेथील दोन स्थळे सांगतात. नैर्ऋत्येचा ल मॉर्न पर्वत म्हणजे पळालेल्या गुलामांचे आश्रयस्थान. १८३५ साली मुक्तीची वार्ता घेऊन आलेले शिपाई आपणांस धरावयास आले असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी लोककथा आहे. दुसरे स्थळ पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. गुलामगिरी संपली, आणि उसाच्या मळ्यांसाठी लाखो हिंदी गिरमिटिये या बेटावर आणले गेले. त्यांतील असंख्य जण याच घाटाच्या सोळा पायऱ्या चढले.

त्यांच्या गाठोड्यात धन नव्हते. कंठात गाणे आणि मनात देव होता. म्हणून आज तेथे गुलामांच्या वंशजांचा सेगा आहे, भोजपुरी स्त्रियांची गीत-गवई आहे, आणि कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांची झाकरी, म्हणजे आपली जाखडीही आहे. गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

ध्वज एका दिवशी उभारता येतो. राष्ट्र मात्र अशा जपलेल्या ठेव्यांतून पिढ्यान्पिढ्या घडत असते.