ओटची कुकी आणि मोहोळची मालदांडी



ओट्सच्या कुकीचा पुडा शहरातल्या दुकानात चांगल्या भावाने जातो आणि आपल्या ज्वारीचं पोतं आडतीत पडून राहतं, ही तक्रार गावोगावी ऐकायला मिळते. आज जरा वेगळ्या बाजूने बघू. ओट हे धान्य ज्वारीपेक्षा काही मोठ्या घराण्यातलं नाही. त्याला मोठं कोणी केलं आणि कसं, हे समजून घेतलं तर आपल्याला पुढं काय करायचं ते कळतं.

आपल्याकडं रब्बीत दुभत्या जनावरांसाठी ओट पेरतात. केंट ही जुनी जात आहे, राहुरी विद्यापीठाची फुले हरिता आहे. लुसलुशीत, गोडसर चारा. कुकीतला ओट तो हाच. म्हणजे आपण जे गाईला टाकतो, त्याचा दाणा डब्यात भरून आपल्याच पोरांना विकला जातो.

युरोपातही त्याची सुरुवात अशीच झाली. ओट मुळात गहू आणि जवाच्या रानात उगवणारं तण. जिथं थंडी-पावसाने गहू धड येईना, तिथं हे तण टिकलं आणि हळूहळू पीक झालं. रोमन लोक त्याला जनावराचं खाणं समजत. स्कॉटलंडच्या गार, ओल्या मुलखात मात्र गरिबाचं पोट त्याच्यावरच भरायचं. पीठ मळून तव्यावर पातळ भाकरीसारखं भाजायचं, की झालं जेवण. 1755 साली सॅम्युअल जॉन्सनने इंग्रजी शब्दकोश काढला, त्यात ओटचा अर्थ देताना त्याने स्कॉटिश माणसाला चिमटाच काढलाय. आमच्याकडं घोडे खातात ते तिकडं माणसं खातात, असा त्याचा रोख. ‘ज्वारी-बाजरी म्हणजे गरिबाचं खाणं’ हे आपण ऐकलंय ना, तोच प्रकार.

मग बदललं काय? दाणा तोच राहिला, गिरणी बदलली. 1850 च्या दशकात अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी फर्डिनांड शूमाखर नावाच्या जर्मन माणसाने ओट दळून माणसांना विकायला सुरुवात केली. तिथंही ओट म्हणजे घोड्याचा दाणाच होता. पुढं 1877 साली त्याच राज्यात ‘क्वेकर’ हे व्यापारचिन्ह नोंदवलं गेलं.

यात तंत्राची एक गोष्ट शेतकऱ्याने ध्यानात घ्यावी. ओटमध्ये स्निग्धांश जास्त असतो. दाण्याचं टरफल निघालं किंवा दाणा भरडला, की त्यातलं एक विकर त्या स्निग्धांशावर काम करतं आणि माल कडू पडतो. त्यावर उपाय निघाला वाफेचा. दाणा वाफवला की विकर निकामी होतं, माल टिकतो. वाफवलेला दाणा रुळाखाली दाबला की त्याचे पोहे होतात आणि ते झटकन शिजतात. पूर्वी दुकानात उघड्या पिंपातून मापून मिळणारा माल आता बंद खोक्यातून आला. 1890 च्या दशकात त्या खोक्यावर पाककृती छापून येऊ लागली. 1896 च्या फॅनी फार्मर यांच्या गाजलेल्या अमेरिकन पाकपुस्तकातही ओटची कुकी आहे. वाफ, रूळ, खोकं आणि खोक्यावरची पाककृती, या चार गोष्टींनी घोड्याचा दाणा माणसांच्या स्वयंपाकघरात नेला.

आता आपल्या मोहोळकडं या.

1930 च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने एक वाण काढला गेला, मालदांडी 35-1. तेव्हा राहुरी विद्यापीठही नव्हतं, ते 1968 सालचं. त्याच काळात, 1933 साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. काळी खोल जमीन, सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस आणि नंतर जमिनीतल्या ओलीवर उभं राहणारं पीक, हा आपला सगळा मामला तेव्हापासून अभ्यासला जातोय.

पुढं 1964 साली सीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि खरिपात संकरित ज्वारीने जम बसवला. रब्बीत मात्र मालदांडी हलली नाही. पांढराशुभ्र, मोत्यासारखा, टपोरा दाणा, भाकरीला गोडी आणि जनावराला कडबा, हे सगळं एकाच ताटात देणारं दुसरं वाण मिळणं सोपं नव्हतं. आजही नवीन रब्बी वाण तपासताना तुलनेला शेजारी मालदांडी 35-1 पेरतात. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

म्हणजे बियाण्याचं अर्धं काम मोहोळने नव्वद वर्षांपूर्वीच केलंय. राहिलं ते गिरणीचं आणि खोक्याचं.

ते अगदीच झालं नाही असंही नाही. राहुरीने हुरड्यासाठी फुले उत्तरा आणि फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडासाठी फुले रोहिणी असे पदार्थागणिक वाण दिले. हैदराबादच्या भरडधान्य संशोधन संस्थेने ज्वारीचे पोहे, रवा, शेवया यांचं तंत्र बसवलं, तिचं रब्बी ज्वारीचं केंद्र आपल्या सोलापुरातच आहे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हा बरेच स्टॉल लागले. पण वर्ष संपलं आणि बऱ्याच ठिकाणी ज्वारीची बिस्किटंही संपली. एक कारण असं की ती बिस्किटं कोरडी, भुसभुशीत व्हायची. एकदा कौतुकाने घेतलं, दुसऱ्यांदा कोण घेणार?

ओटची कुकी चिवट, चावायला दमदार होते, कारण ओटमधला बीटा-ग्लुकन नावाचा तंतू पाणी धरून ठेवतो. ज्वारीत तो तेवढा नाही. गव्हासारखं ग्लुटेनही नाही. म्हणून तर भाकरीचं पीठ आपण गरम पाण्यात मळतो. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चिकटतो आणि भाकरी थापता येते. आपल्या आया-आज्यांना हे शास्त्र हाताने ठाऊक होतं. तेच कुकीत वापरायचं.

आमच्या घरी बसलेलं माप असं आहे:

ज्वारीचे पोहे 100 ग्रॅम, ताजं मालदांडीचं पीठ 100 ग्रॅम, किसलेला गूळ 110 ग्रॅम, तूप 90 ग्रॅम, शेंगदाण्याचं जाडसर कूट 40 ग्रॅम, दोन चमचे तीळ, दोन चमचे दूध, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, थोडी वेलची.

पिठातलं 30 ग्रॅम पीठ बाजूला काढून त्यावर 60 मिली उकळतं पाणी ओता, ढवळा आणि झाकून ठेवा. ही उकड म्हणजे कुकीचा बांध. पोहे कढईत मंद आचेवर खमंग भाजून घ्या. तूप-गूळ फेसून त्यात गार झालेली उकड आणि दूध मिसळा, मग बाकी सगळं घाला. गोळा अर्धा तास झाकून ठेवा म्हणजे पोहे ओल ओढतात. जाडसर चपटे गोळे करून 170 अंशांवर 15 मिनिटांच्या आसपास भाजा. ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर, त्यावर जाळी, वर ताटली आणि झाकण. कढई आधी दहा मिनिटं तापवा, मग मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं. कडा तांबूस आणि मधला भाग अजून मऊ दिसतोय तेव्हाच बाहेर काढा. गार होताना ती आवळते. पूर्ण कडक होईस्तोवर ठेवली तर पुन्हा तेच भुसभुशीत बिस्किट.

गूळच का? साखरेपेक्षा गूळ ओल जास्त धरतो, म्हणून चिवटपणा टिकतो. पीठ ताजंच का? ज्वारीच्या अंकुरातही स्निग्धांश असतो, दळून ठेवलेलं पीठ काही आठवड्यांत कडवट लागतं. वाफवून केलेले पोहे जास्त टिकतात. ओटवाल्यांनी सोडवलेला प्रश्न तोच हा.

बचत गटांना एक सांगणं. पुड्यावर खोटं लिहू नका. ओटचा बीटा-ग्लुकन कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो, म्हणून तो दावा ज्वारीला चिकटवू नये. गूळ घातलाय म्हणून मधुमेही माणसाने पोटभर खावी असंही नाही. ज्वारी, शेंगदाणा, तीळ आणि तूप, मैदा नाही, एवढं खरं लिहिलं तरी पुरतं.

हे सगळं कुकीपुरतं नाही. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं, पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले. पाणी असलेल्याने ऊस लावला, त्यात त्याचं काय चुकलं? उसाला घेणारा ठरलेला आहे, ज्वारीला तो नाही. काढणीला मजूर मिळत नाही, कणसं खुडायची, कडबा बांधायचा, आणि शेवटी भाव व्यापारी सांगेल तो. असंच चाललं तर ज्या गावाने मालदांडी दिली त्या गावच्या शिवारात ती फक्त संशोधन केंद्राच्या वाफ्यात उरेल.

स्कॉटलंडच्या गरीब शेतकऱ्याचा दाणा जगभर गेला, पण त्याचा पैसा गेला तो वाफवणाऱ्याकडं आणि खोकं भरणाऱ्याकडं. ज्वारीचं खोकंही आज ना उद्या कोणीतरी भरणारच आहे. ते मोहोळ-मंगळवेढ्यात भरलं गेलं तर चार पैसे इथं राहतील.

येत्या सुगीत दोन किलो मालदांडी घरच्यासाठी जास्त ठेवा, आणि एक घाणा करून बघा.